कौन्सिल बघते म्हणे म्हातारपण!

खवचट खोबरं

परवा 'परदेशातलं म्हातारपण' या धाग्यावर एका गृहस्थांनी लिहिलं, "इंग्लंडमध्ये म्हातारपण कौन्सिल बघते, आपल्याकडे मुलगा बघतो, नाहीतर देव." (कौन्सिल म्हणजे इथली महापालिका.) वर टाळ्याही पडल्या. मी तिथेच उत्तर लिहायला बसले आणि गॅसवरची भाजी करपेपर्यंत लिहीत राहिले, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या. आमच्यापासून चाळीस मिनिटांवर स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, आमच्याकडे यायला तयार नाहीत (त्यावर पुन्हा कधीतरी). दोनदा पडल्या, आणि त्यांच्या विसरभोळेपणाला आता डॉक्टरांनी नाव दिलंय. सोशल वर्कर आली, असेसमेंट झालं, कौन्सिलने लावलेल्या एजन्सीच्या केअररच्या दिवसाला चार खेपा मंजूर झाल्या. सकाळची खेप ३० मिनिटांची: अंघोळ, कपडे, गोळ्या, नाश्ता. पुढे त्या रात्री दार उघडून बाहेर पडायला लागल्या, म्हणून दारावर कॅमेरा लावला. लावला सासूबाईंसाठी, सापडली एजन्सी. सकाळची खेप ११ मिनिटं. दुसऱ्या दिवशी ९. एका रविवारी ७. घरातल्या वहीत मात्र रोज ३० मिनिटं, खाली सही आणि 'ऑल वेल'.

कौन्सिलला फोन केला. बाई फार गोड बोलली. सहा आठवड्यांनी उत्तर आलं की एजन्सीला चौकशी करायला सांगितलं आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! एजन्सीने एजन्सीची चौकशी केली आणि एजन्सीला काही आढळलं नाही.

गरज किती हे कौन्सिल ठरवते, सेवा कौन्सिल विकत घेते, दर कौन्सिल पाडते, आणि त्या दरात आलेला माल बरा आहे का हेही कौन्सिलच बघते. मंडई उठताना घासाघीस करून शेवटचा ढीग निम्म्या किमतीत उचलायचा आणि मग टोमॅटो किडके निघाले म्हणून कुठल्या तोंडाने भांडायचं? शिवाय ती एजन्सी काढली तर तिच्याकडच्या बाकीच्या म्हाताऱ्यांना उद्या सकाळी अंघोळ कोण घालणार, हा घोर कौन्सिललाच. म्हणून हा राखणदार भुंकत नाही. 'कौन्सिल बघते' म्हणणाऱ्यांनी आधी माझं फुटेज बघावं.

टेबलामागचा माणूस

मी एका कौन्सिलच्या क्वालिटी टीममध्ये नऊ वर्षं काढली, म्हणजे तुमच्या त्या न भुंकणाऱ्यांपैकीच एक. तेव्हा थोडं भुंकतो.

एजन्सी बंद करायचा अधिकार कौन्सिलला नाही. नोंदणी सीक्यूसीकडे (केअर क्वालिटी कमिशन, काळजी देणाऱ्या संस्था तपासणारी सरकारी यंत्रणा), ती रद्द करायची तर त्यांनीच. आम्ही फार तर नवीन माणसं पाठवणं थांबवतो किंवा कंत्राट मोडतो. आणि तुम्ही ज्याची थट्टा केलीत ना, 'उद्या सकाळी अंघोळ कोण घालणार', त्यावर २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये कलम आहे. एजन्सी किंवा केअर होम (वृद्धाश्रम) बुडालं तर तात्पुरती सोय कौन्सिलनेच लावायची, स्वतःच्या पैशाने राहणाऱ्यांचीसुद्धा. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही केअर होम्सची कंपनी कोसळली तेव्हा तिच्या होम्समध्ये ३१,००० माणसं होती. तो धसका प्रत्येक कौन्सिलने खाल्लेला आहे. कंत्राट मोडण्याआधी आम्ही दहादा विचार करतो, तो भित्रेपणा नव्हे.

आणि राखणदारावर राखणदार बसवलाय आता. २०२२ च्या कायद्यानुसार एप्रिल २०२३ पासून सीक्यूसी कौन्सिलच्याही कामाची तपासणी करते.

खवचट खोबरं

तीच ना सीक्यूसी, जिच्याबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनेच नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांनी लिहिलं की हिचाच कारभार ढासळलाय, कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं पुन्हा तपासणीच नाही? छान. आंधळ्याच्या काठीला लंगडा.

टेबलामागचा माणूस

ते मान्य. त्या अहवालाने आम्हालाही आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू.

मंगळवारची बस

पैसे कुठायत पण? कौन्सिलांचं दिवाळं निघालेलं. स्लाउ २०२१, बर्मिंगहॅम २०२३, नॉटिंगहॅम २०२३. दिवाळखोर माणूस दुसऱ्याच्या वह्या तपासणार?

कलमबहाद्दर

दिवाळखोर नाही. इंग्लंडमध्ये कौन्सिल दिवाळखोर होऊ शकत नाही. ती कलम ११४ ची नोटीस असते, म्हणजे नवा खर्च बंद. कायद्याने बंधनकारक असलेल्या सेवा चालूच राहतात, आणि म्हाताऱ्यांची काळजी त्यातच येते. शब्द जपून वापरा.

मंगळवारची बस

बरं गुरुजी.

रोस्टरवाली

मी होम केअर एजन्सीत रोस्टर लावते, म्हणजे कोणी कुठल्या घरी कधी जायचं ते. धाग्यावर चढून सगळ्यांनी एजन्सीला धोपटायचं ठरवलंच असेल तर माझीही बाजू ऐका.

एप्रिल २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं. त्याच महिन्यात मालकाने पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्के. वर रजा, आजारपण, ट्रेनिंग, गाडीचं तेल, एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ. कौन्सिल तासाला जो दर देते त्यात हे बसवून दाखवा, मी तुमच्या घरी धुणं धुवेन. ३० मिनिटांच्या दोन खेपांमध्ये बसची वाट बघायला वीस मिनिटं जातात, ती कोणाच्या खिशातून? कौन्सिल मिनिटं विकत घेते, माणूस नाही.

आणि ताई, राग मानू नका, पण कित्येक म्हाताऱ्या स्वतःच मुलीला घालवून देतात. "मला नको अंघोळ, जा तू." मग ती काय कुस्ती खेळणार? ११ मिनिटांत काय झालं ते दाराबाहेरच्या कॅमेऱ्याला कसं कळणार?

खवचट खोबरं

नको म्हणाल्या तर वहीत 'नको म्हणाल्या' लिहायचं. '३० मिनिटं, ऑल वेल' नाही. ही काळजी नाही, ही खोटी हजेरी आहे. माझ्या सासूबाईंच्या अंगाला वास येत होता हो त्या रविवारी. जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केलेली बाई. दर परवडत नव्हता तर कंत्राट घेतलंत कशाला? कोणी बंदूक लावली होती?

रोस्टरवाली

वहीचं तुमचं बरोबर. तिथे मी गप्प बसते. दराबद्दल नाही बसणार.

कृष्णाकाठ

मी सांगली जिल्ह्यातला. बी.एस्सी., शेती, कर्ज, पुढचं तुम्हाला माहीतच. २०२३ ला केअर व्हिसावर आलो. एजंटने किती घेतले ते आईला अजून खरं सांगितलेलं नाही. ती ११ मिनिटांची खेप करणारा मीच आहे असं समजा.

सकाळी सहा ते दुपारी दोन, मग चार ते दहा. फोनवर ॲप, त्यात सगळे मुक्काम लावलेले. पहिल्या घरी आजोबा पडलेले सापडले, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबलो, की दिवसभराची गाडी चुकलीच. मग पुढच्या प्रत्येकाची दहा-दहा मिनिटं कापायची. ऑफिसला फोन करून सांगितलं तर म्हणतात 'मॅनेज कर'.

तक्रार करा म्हणाल. कोणाकडे? आम्हाला बाहेरून आणायचं लायसन्स मालकाकडे. त्याचं लायसन्स गेलं की मला ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर बॅग भरायची. मार्च २०२४ नंतर येणाऱ्यांना तर बायकापोरंही आणता येईनात, आणि जुलै २०२५ पासून बाहेरून केअरर घेणंच बंद. कौन्सिलची बाई एकदा तपासायला आली होती. मॅनेजरच्या समोर मला विचारलं, "आर यू हॅपी हिअर?" मी म्हणालो, व्हेरी हॅपी.

तुमच्या सासूबाईंसारख्या एक आजी माझ्याकडे आहेत, मूळच्या इस्लामपूरच्या. इंग्रजी पूर्ण गेलं त्यांचं. माझ्याशी मराठीत बोलतात, म्हणून माझ्या हातून गोळ्या घेतात. दुसरी कोणी आली की तोंड मिटतात आणि वहीत 'रिफ्यूज्ड मेडिकेशन' लागतं.

बडोद्याची नात

हे इंग्रजी जाणं आम्हीही पाहिलं. आजी चाळीस वर्षं पोस्टात नोकरी केलेली, फाडफाड इंग्रजी. दोन वर्षांत उलट्या क्रमाने सगळं गेलं. आधी इंग्रजी, मग आमची नावं. केअरर गुजराती होती, मराठी मागून मिळाली नव्हती, आम्ही कपाळाला हात लावला. तर ती दारातून "केम छो बा?" म्हणाली आणि आजी जी सुरू झाली! बडोद्यात वाढलेली ना, शाळेतलं गुजराती खालून वर आलं. शेवटपर्यंत त्या दोघींचं गुळपीठ, आम्ही परके.

लोणचंभाकर

भाषेचं सोडा, जेवणाचं बघा. माझ्या वडिलांना 'व्हेजिटेरियन' म्हणून रोज चीज सँडविच. रोज! मायक्रोवेव्हमधला वरणभात द्यायला सांगितला तर केअरर म्हणाली, ॲपमध्ये 'प्रिपेअर सँडविच' लिहिलंय. डबा समोर, वडील उपाशी.

टेबलामागचा माणूस

केअर प्लॅनमध्ये लिहून घ्या. केअर ॲक्टच्या पहिल्याच कलमात आहे की माणसाचे विचार, इच्छा, भावना, श्रद्धा ध्यानात घ्यायच्या. भाषा आणि जेवण दोन्ही त्यात बसतं. किंवा डायरेक्ट पेमेंट घ्या, पैसे तुमच्या हातात, मराठी बाई तुम्ही शोधा.

लोणचंभाकर

आणि तिचा पगार, टॅक्स, रजा, आजारपण सगळं मी बघायचं. म्हणजे मीच कौन्सिल.

शनिपारचा कट्टेकरी

मूळ प्रतिक्रिया माझी होती. टोमॅटो-फुटेज सगळं वाचलं. एवढी कलमं पाठ करण्यापेक्षा म्हातारीला स्वतःच्या घरी आणून दोन घास भरवले असते तर? मुलं कशासाठी असतात? आमच्याकडे अजून संस्कार शिल्लक आहेत.

खवचट खोबरं

आले संस्कार. अहो, नवरा आणि मी दोघं नोकरी करतो, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि सासूबाई स्वतः म्हणतात की मला माझं दार हवं. तुमच्या घरी म्हाताऱ्यांचं करतं कोण? तुम्ही की तुमची बायको?

शनिपारचा कट्टेकरी

वैयक्तिक होऊ नका.

कोथरूडची सून

मी होते वैयक्तिक. पुण्यात सासऱ्यांसाठी ब्यूरोची बाई ठेवली होती, चोवीस तासांची. चार महिन्यांत पाच बाया बदलल्या. एकीने त्यांना झोपेची गोळी दुप्पट दिली, का, तर तिला रात्री झोपायचं होतं. ब्यूरोवाल्याला फोन केला तर म्हणे दुसरी पाठवतो. झालं. महापालिकेचं माणूस सोडा, कोणी चिटपाखरू त्या ब्यूरोत डोकावल्याचं मला आठवत नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे आपल्याकडे, पण तो मुलांकडून पोटगी वसूल करायला. तीही महिन्याला जास्तीत जास्त १०,०००. सासऱ्यांना पोटगी नको होती, धड गोळी हवी होती. खवचटताई, तुमच्या कौन्सिलने सहा आठवड्यांनी का होईना, उत्तर दिलं. मला कोणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं.

शनिपारचा कट्टेकरी

म्हणजे माझंच म्हणणं. तिथे निदान कौन्सिल आहे.

कोथरूडची सून

नाही हो. तुमचं म्हणणं होतं की इथे मुलगा बघतो. आमच्याकडे मुलगा लॅपटॉप बघत होता.

मंगळवारची बस

😂 पण मुद्द्याचं बोला. केअर घेतली की कौन्सिल घर गिळते. माझ्या ओळखीतल्यांचं गेलं.

कलमबहाद्दर

पुन्हा चूक. घरी केअर घेत असाल तर राहतं घर हिशोबात धरत नाहीत. होममध्ये कायमचं गेल्यावर धरतात, तेही नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर नाही. मालमत्तेची मर्यादा २३,२५० पौंड, त्याच्या वर असाल तर खर्च तुमचा, आणि ती २०१० पासून एका पेनीने वाढलेली नाही. संतापायचंच असेल तर त्यावर संतापा. माणसाने काळजीवर आयुष्यभरात भरायच्या खर्चावर ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा येणार होती, ती २०२३ वरून २०२५ वर ढकलली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने गुंडाळूनच टाकली. आता या सगळ्या व्यवस्थेवर बॅरोनेस केसींचा सरकारी आयोग, अंतिम अहवाल २०२८ ला.

लोणचंभाकर

२०२८ पर्यंत चीज सँडविच. मी तर आमच्या नगरसेवकाकडे गेलो. तो कौन्सिलचं काम तपासणाऱ्या स्क्रूटिनी कमिटीवर. म्हणाला आम्ही शिफारस करू शकतो, हुकूम नाही. दिवाळीला पणत्यांसोबत फोटो मात्र काढून गेला.

टेबलामागचा माणूस

खवचटताई, एक विचारायचं राहिलं. हे फुटेज घेऊन ओम्बुड्समनकडे (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र अधिकारी) गेलात का? कौन्सिलने एजन्सीकडून काम करून घेतलं असेल तर एजन्सीची चूक ते कौन्सिलचीच चूक धरतात. तिथे तुमची मंडईची उपमा उलटी लागू पडते: टोमॅटो किडका निघाला तर घेणाऱ्यालाच जाब.

खवचट खोबरं

हे मला कोणी सांगितलं नाही. मुदत असते का?

टेबलामागचा माणूस

तुम्हाला कळल्यापासून बारा महिने. पण आधी कौन्सिलकडची तक्रार पूर्ण व्हावी लागते. केली होतीत ना?

खवचट खोबरं

फोनवर केली होती म्हटलं की.

टेबलामागचा माणूस

तोंडीही चालते. पण 'तक्रार' म्हणून नोंद झाली का? क्रमांक मिळाला?

खवचट खोबरं

थांबा, मेल शोधते.

खवचट खोबरं

"थँक यू फॉर युवर फीडबॅक."

रोस्टरवाली

अरे देवा.

टेबलामागचा माणूस

हं. फीडबॅकचा गठ्ठा वेगळा, तक्रारीचा वेगळा. आमच्याकडेही हे चालायचं, नाकारत नाही. आज रात्री पुन्हा लिहा, पहिल्याच ओळीत 'फॉर्मल कम्प्लेंट' हे शब्द घाला, फुटेजच्या तारखा आणि वेळा द्या, वहीच्या पानांचे फोटो जोडा.

कृष्णाकाठ

आणि ताई, जमलं तर त्यात केअररचं नाव नका घालू. रोस्टर मागा.

खवचट खोबरं

नाव नाही घालत. रोस्टर मागते. टेबलामागचे दादा, मसुदा इथेच टाकते, तपासून द्या. पण राखणदार भुंकतो असं मी मान्य केलंय अशा समजात राहू नका.