अमेरिकन गायिका क्लेरोचा स्लिंग अल्बम ऐकून अजून कोणाला कसंतरी झालं का, की मलाच?

तर्री_एक्स्ट्रा:
२०२१ ला स्लिंग आला तेव्हा मी कॉलेजात होतो, दोन गाणी ऐकली आन बंद केला, म्हटलं ही काय अंगाई गाऊन राहिली. आता नागपुरात मिहानमध्ये जॉबला दीड वर्ष झालं. यंदा बाबा पहिल्यांदाच म्हणाले, कूलरचं तू बघ. बस, एवढंच. रविवारी बाल्कनीत ताट्या काढायला बसलो, गेल्या वर्षीचा वाळा काळा पडून जाळीला चिकटलेला, उपटता उपटता बोटात घुसून राहिला होता आणि तेवढ्यात शफलवर त्यातलंच झिनियाज गाणं लागलं. घर, बाग, सेटल होणं, सगळं गोड गोड, पण हे तिला खरंच पाहिजे की नाही ते तिलाच माहीत नाही असं वाटत राहतं. मी तिथंच बसून राहिलो. आईनं विचारलं डोळे का लाल, म्हटलं धूळ गेली. ओव्हरथिंक करून राहिलो का बे मी?

बर्डी_ते_खामला:
नाही बे. ती स्वतःच तेव्हा २२ ची होती. २०१७ ला खोलीत वेबकॅमसमोर प्रिटी गर्ल गायली, व्हायरल झाली, म्हणजे आपण सबमिशनच्या फायली भरायच्या वयात तिच्या मागे म्युझिक कंपन्या. २०१९ ला पहिला अल्बम, इम्युनिटी. मग स्लिंगसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरावर अलेअर स्टुडिओत प्रोड्युसर जॅक अँटनॉफसोबत जाऊन बसली. त्याच सुमारास कुत्री पाळली, जोनी. एक जीव अंगावर पडला की डोकं कुठं कुठं जातं, तसं तिचं आई होण्याच्या विचारापर्यंत गेलं. जोनीच्या नावाचा ट्रॅक आहे त्यात बोलच नाहीत, मला तोच सगळ्यात आवडतो. आणि ब्लाउज गाणं हेडफोन लावून ऐक, मागं गायिका लॉर्डचा आवाज आहे.

दुपारचा_डुलकीवाला:
बोर आहे राजेहो. बाराच्या बारा गाणी तोंडातल्या तोंडात. इम्युनिटीवर हाइम बँडवाल्या डॅनिएल हाइमचे ड्रम होते, जरा जान तरी होती. आणि डोंगरावर बसून मोठं व्हायचं नाही म्हणणं सोपं आहे, इथं ४५ डिग्रीत पोरं पार्सल घेऊन फिरून राहिले, त्यांना कोणी विचारते का तुला मोठं व्हायचं आहे का म्हणून.

दोन_पोरांची_आई:
अरे पण तिलाही कोणी विचारलं नाही, तेच तर गाते ती. मी चाळिशीला आलेली, भाचीनं अल्बम पाठवला होता. फुटाळा तलावावर गाडी लावली, लहाना मागच्या सीटवर झोपलेला, आणि पूर्ण ऐकला. रीपर गाणं दोनदा. अजून न झालेल्या लेकरांची काळजी करते बिचारी, आपलं दुःख त्यांच्यात उतरेल का म्हणून. आमच्याकडे लग्नाला सहा महिने झाले नाही तर गोड बातमी कधी, गोड बातमी कधी. एवढा विचार करायला वेळच कोणी दिला.
आणि तर्री बेटा, वाळा जुना असला की आधी पाणी मार, मग उपट, टोचत नाही. नवा भरताना कोंबू नको, मोकळा करून पसर, नाहीतर मधात भोक राहते आणि गरम झळ आत येते.

तर्री_एक्स्ट्रा:
ताई, कोंबलाच होता 😅 कालपासून झळच येऊन राहिली, बाबा काही बोलले नाहीत, नुसतं ताटीकडे पाहून पेपर वाचत बसले. ते जास्त लागलं.
डुलकीवाले भाऊ, पार्सलवालं पटलं. पण अमीबा एकदा ऐक ना, ते जरा चालतं गाणं आहे.
रीपर रात्री लावतो. आता पंपच पाणी उचलत नाही आहे, बर्डीच्या बाजारात नवा पाहायला चाललो, कितीपर्यंत द्यावे कोणी सांगा लवकर, मला घासाघीस येत नाही.