सह्याद्रीत एकट्यासाठी तंबू: एक किलोच्या आतला, की स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा?

दादरकर

मुंबईहून एकट्याने मुक्कामी भटकंतीला निघणारे लोक आता बरेच दिसतात, परंतु तंबू घेताना बहुतेक जण दुकानात स्वस्तात मिळणारा दोन माणसांचा घुमटाकार तंबू उचलतात आणि पुढची काही वर्षे अडीच-तीन किलोंचे ते ओझे एकट्याच्या पाठीवर वाहत राहतात. माझे मत असे आहे की ज्याला खरोखर एकट्याने चालायचे आहे त्याने एक किलोच्या आतला, ट्रेकिंग पोलवर म्हणजे चालताना हातात धरायच्या काठ्यांवर उभा राहणारा, एकाच माणसाचा तंबू घ्यावा आणि त्यासाठी दोन पैसे जास्त मोजावे लागले तरी मोजावेत.

यामागचे पहिले कारण पाणी आहे. दिवाळीनंतर महिना-दीड महिन्यात माथ्यावरचे ओढे आटतात. फेब्रुवारीपासून पुढे टाक्यातले पाणी पिण्याजोगे असेलच याची खात्री नसल्याने तीन-चार लिटर पाणी खालूनच घेऊन चढावे लागते. हे वजन टाळता येत नाही, म्हणून जे टाळता येते ते टाळले पाहिजे. दुसरे कारण तंबूच्या रचनेत आहे. नेहमीच्या तंबूत अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा सांगाडा हा वजनाचा मोठा वाटा असतो, आणि हातात ट्रेकिंग पोल असतील तर तो सांगाडा वेगळा वाहण्याची गरजच उरत नाही. सिक्स मून डिझाइन्सचा लुनर सोलो एका काठीवर उभा राहतो आणि त्याचे वजन साधारण साडेसातशे ग्रॅम भरते. ड्यूरस्टनचा एक्स-मिड १ दोन काठ्यांवर व किमान चार खुंट्यांवर उभा राहतो, आणि आत जाळीचा व बाहेर कापडाचा असे दोन पदर असूनही सुमारे आठशे ग्रॅममध्ये बसतो.

कमी वजनाचा हा आग्रह नव्या फॅशनचा भाग आहे, असे कोणी म्हणत असेल तर एमा गेटवूड यांची आठवण करून द्यावीशी वाटते. १९५५ साली वयाच्या ६७व्या वर्षी अमेरिकेची तीन हजार किलोमीटरांहून लांब अॅपलाचियन ट्रेल त्या एकट्याने चालल्या, तेव्हा त्यांच्या जवळ तंबू नव्हताच. पावसाच्या आडोशासाठी न्हाणीघरातला एक प्लास्टिकचा पडदा होता. तिथवर जावे असे मी म्हणत नाही, परंतु अडीच किलोंची गरज कुठून आली, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मुलुंडकर

दादरकर, आपल्या मांडणीतला पाण्याचा मुद्दा मान्य आहे, पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला घातक वाटतो, कारण ज्या जमिनीवर हा तंबू लावायचा आहे तिचा आपण उल्लेखही केलेला नाही. सह्याद्रीचा माथा म्हणजे बेसॉल्टचा कातळ. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याकडच्या भागात किंवा कुठल्याही सड्यावर बोट-दोन बोटे मातीचा थर असतो आणि त्याखाली खुंटी जात नाही. पोलवरचा तंबू खुंट्यांच्या ताणावरच उभा असतो. ताण गेला की काठी आडवी होते आणि कापड अंगावर येते. स्वतःच्या सांगाड्यावर उभा राहणारा तंबू मात्र खुंटी न ठोकता उभा करता येतो, उचलून दोन हात बाजूला सरकवता येतो, आणि आत सॅक ठेवून दोन-चार दगड लावले की निवांत झोपता येते. हे सारे एकट्या माणसाला, दिवस मावळताना, दमलेल्या अवस्थेत करायचे असते, याचा विचार निवड करताना व्हायला हवा.

दुसरी गोष्ट काठ्यांची. आपण त्यांचे वजन शून्य धरले आहे, कारण त्या हातात असतातच असे आपण गृहीत धरले. आपल्याकडच्या किती वाटांवर त्या हातात राहतात? हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या चढाईत दोन्ही हात दगडाला लागतात आणि काठ्या सॅकला बांधून न्याव्या लागतात. सह्याद्रीतले जुने भटके काठी वापरतात ती बहुधा एकच, रानातली किंवा वेळूची. ज्याच्याकडे ट्रेकिंग पोल नाहीत त्याने केवळ तंबूसाठी ते विकत घेतले तर त्या जोडीचे चार-पाचशे ग्रॅम तंबूच्या खात्यात धरलेच पाहिजेत, आणि मग आपला आठशे ग्रॅमचा तंबू सव्वा किलोवर जातो. नेचरहाइकचा क्लाउड अप १ सुमारे दीड किलोचा आहे, तर बिग अॅग्नेसचा कॉपर स्पर यूएल १ किलो-सव्वा किलोच्या घरात आहे. म्हणजे भांडण उरते ते पावशेर-अर्ध्या किलोचे, आणि तेवढ्यासाठी कातळावर रात्रभर दोऱ्या सांभाळत बसणे मला पटत नाही.

गिरगावकर

मला तर मूळ प्रश्नच अनावश्यक वाटतो. हरिश्चंद्रगडावर मंदिराजवळ लेणी आहेत, रतनगडावर गुहा आहे, आणि पायथ्याच्या गावात देवळाचा सभामंडप किंवा कुणाच्या घराची पडवी मिळते. पाचनईसारख्या गावात जेवणाची आणि राहण्याची सोय होते व चार पैसे गावात राहतात. शिवाय हे दोन्ही गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, त्यामुळे वनखात्याचे नियम विचारल्याशिवाय कुठेही तंबू ठोकणे योग्य नाही. एक मॅट आणि एक चादर पुरत असताना तंबूवर हजारो रुपये का घालवावेत?

दादरकर

गिरगावकर, परवानगीचा मुद्दा निर्विवाद आहे आणि तो तंबू कोणताही असला तरी लागू होतो. गुहेचे म्हणाल तर शनिवारी रात्री तिथे आधीच माणसे असतात, आणि लांब घाटवाटांच्या चालीत मुक्काम गुहेपाशीच पडेल असे होत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उघड्यावर किंवा दगडी फरशीवर झोपण्यात विंचू आणि फुरसे यांचा धोका असतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाच्या उपचाराचे काम कोकणातच केले, कारण त्या दंशाने माणसे इथेच दगावत होती. चारी बाजूंनी शिवलेली जाळी आणि कडा उचललेला तळ ही मी चैन मानत नाही. याच कारणासाठी नुसत्या ताडपत्रीखाली झोपण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही.

पार्लेकर

सांगाडा की काठ्या यावर वाद चालू आहे, पण आपल्या हवेत तंबू निकामी होतो तो प्रामुख्याने कापडामुळे आणि दमटपणामुळे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

बहुतेक जण पावसाळ्यात एका दिवसाचा ट्रेक करून घरी येतात आणि मुक्काम करतात तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात. म्हणजे आपल्या तंबूचा खरा सामना पावसाशी कमी आणि दवाशी जास्त होतो. निरभ्र रात्री तंबूचे कापड आकाशाकडे उष्णता टाकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. बाहेरून त्यावर दव पडते आणि आतून झोपलेल्या माणसाच्या श्वासातली वाफ त्याच्यावर थिजते. एकपदरी तंबूत हे थेंब स्लीपिंग बॅगच्या पायाशी आणि डोक्याशी लागतात, कारण एका माणसाच्या तंबूत भिंत अंगापासून वीतभरच दूर असते. दुपदरी तंबूत ओली बाजू जाळीच्या पलीकडे राहते. म्हणून लुनर सोलोसारखा एकपदरी तंबू कितीही हलका असला तरी तलावाकाठी किंवा ओढ्याच्या खोलगट काठावर तो लावू नये. उंचवट्यावर, वाऱ्याच्या वाटेवर आणि शक्य असल्यास झाडाखाली लावावा, कारण झाडाच्या छत्राखाली कापड तितके थंड होत नाही.

आता कापड. नायलॉन पाणी शोषते आणि ओले झाले की ताणले जाते, त्यामुळे संध्याकाळी घट्ट लावलेला तंबू पहाटे लोंबतो आणि पोलवरच्या तंबूत दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. पॉलिएस्टरमध्ये हा दोष फार कमी आहे. तिसरा पर्याय डायनिमा कंपोझिटचा. हे कापड मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी विकसित झाले, ते पाणी शोषत नाही आणि ताणलेही जात नाही, पण त्याची किंमत कित्येक पट आहे आणि करवंदीच्या काट्यांपुढे व खरबरीत कातळापुढे ते मला विश्वासाचे वाटत नाही. आपल्याकडच्या वापरासाठी सिलिकॉनचा लेप दिलेले पॉलिएस्टर मला सर्वांत योग्य वाटते.

लेपाकडे दुकानात कोणीही पाहत नाही, आणि मुंबईकरांनी सर्वांत आधी पाहायला हवा तो हाच. स्वस्त तंबूंना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. ऊब आणि दमट हवा यांत तो हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, आंबूस वास येऊ लागतो आणि शेवटी पापुद्र्यांनी सुटतो. आपण रविवारी रात्री कसारा लोकलने घरी येतो, ओला तंबू पिशवीतच माळ्यावर टाकतो आणि जून ते सप्टेंबर तो तिथेच राहतो. लेप खराब होण्यासाठी याहून अनुकूल परिस्थिती क्वचितच मिळेल. सिलिकॉनचा लेप या बाबतीत कितीतरी टिकाऊ आहे. मात्र दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेल्या कापडाच्या शिवणींवर कारखान्यात पट्टी चिकटत नाही, म्हणून त्या शिवणी घेणाऱ्याला स्वतः द्रवरूप सिलिकॉनने बंद कराव्या लागतात. हे काम गच्चीवर एका दुपारी होते. तंबू कोणताही घ्या, परत आल्यावर तो घरात पंख्याखाली दोरीवर टाकून पूर्ण वाळवा आणि पिशवीत कोंबून न ठेवता सैल कापडी पिशवीत, कपाटात ठेवा.

मुलुंडकर

पार्लेकर, कापडाविषयी आपले म्हणणे पूर्ण मान्य, आणि त्यातूनच माझ्या मुद्द्याला बळ मिळते. रात्री कापड सैल पडल्यावर सांगाड्याचा तंबू आपला आकार टिकवून धरतो. पोलवरच्या तंबूतल्या माणसाला मात्र थंडीत बाहेर येऊन दोऱ्या ओढाव्या लागतात.

दादरकर

मुलुंडकर, नायलॉनच्या बाबतीत हे खरे आहे, पॉलिएस्टरच्या बाबतीत नाही. आणि मी ज्या तंबूचे नाव आधी घेतले तो एक्स-मिड पॉलिएस्टरचाच आहे.

कातळाविषयी उत्तर देणे मला आवश्यक वाटते. खुंटी जात नाही म्हणून तंबू लागत नाही, हे बरोबर नाही. प्रत्येक कोपऱ्याच्या फासाला हातभर जादा दोरी आधीच बांधून ठेवावी. ती दोरी एका मुठीएवढ्या दगडाभोवती गुंडाळावी आणि त्या दगडापुढे, तंबूच्या बाजूला, दोन हातांनी उचलावा लागेल असा मोठा दगड दोरीवर ठेवावा. ताण आला की लहान दगड मोठ्या दगडाला मागून अडकतो आणि दोरी सुटत नाही. सड्यावर दगडांची वाण नाही. मात्र यासाठी गडाच्या तटाचा, जोत्याचा किंवा समाधीचा एकही दगड हलवू नये, आणि सकाळी उचललेले दगड होते तिथे ठेवावेत, हे आग्रहाने सांगतो.

आणि खुंटीविना उभा राहणारा तंबू वाऱ्यात सुरक्षित असतो ही समजूतही तपासून पाहावी. कोकणकड्यासारख्या ठिकाणी खालून वर येणारा वारा मोकळ्या ठेवलेल्या घुमटाला सहज उचलतो. त्यालाही दोऱ्या आणि दगड लागतातच. मग श्रम तेच पडणार असतील तर सांगाड्याचे वजन का वाहायचे?

बोरिवलीकर

एक मुद्दा कोणीच घेतला नाही, तो उंचीचा. तंबूची लांबी २१० सेंटिमीटर लिहिलेली असली तरी ती जमिनीवरची असते. उतरत्या भिंतीमुळे झोपलेल्या माणसाच्या तोंडाच्या आणि पायांच्या पातळीवर ती बरीच कमी होते. पावणेसहा फुटांच्या पुढच्या माणसाने मॅट आणि स्लीपिंग बॅग घेऊन प्रत्यक्ष आत झोपून पाहिल्याशिवाय एका माणसाचा तंबू घेऊ नये. सॅक आत ठेवायची असेल तर मला दोन माणसांचा हलका तंबूच बरा वाटतो, मग तो तीन-चारशे ग्रॅम जड का असेना. तोच तंबू पुढे हिमालयातही, जिथे खराब हवेत दिवसभर आत बसून राहावे लागते, उपयोगी पडतो.

दादरकर

झोपून पाहण्याची सूचना योग्य आहे. सॅकसाठी मात्र आतली जागा लागत नाही. बाह्य पदराखालचा दाराबाहेरचा आडोसा त्यासाठीच असतो, आणि एक्स-मिडसारख्या तंबूत तो दोन्ही बाजूंना मिळतो. हिमालयातल्या बर्फाचा तंबू वेगळा आणि सह्याद्रीतला वेगळा. एकाच तंबूत दोन्ही शोधायला गेल्यामुळेच माणसे इथे वर्षभर नको तेवढे वजन वाहतात.

मुलुंडकर

दगडांची पद्धत मला ठाऊक आहे आणि ती चालते, हेही मान्य करतो. वाऱ्यात कोणत्याही तंबूला दोऱ्या लागतात, हेही खरे. माझा आक्षेप तरीही कायम आहे, कारण फरक पडतो तो एखादी दोरी सुटल्यावर. सांगाड्याच्या तंबूचा एक कोपरा सुटला तर कापड फडफडते आणि माणूस उठून तो बांधतो. पोलवरच्या तंबूचा कोपरा सुटला तर निवाराच खाली बसतो, आणि एकट्या माणसाला अंधारात, कड्याजवळ, आत अडकलेल्या अवस्थेतून बाहेर येऊन तो पुन्हा उभारावा लागतो. ज्याने आपल्या तंबूच्या दोऱ्या वाऱ्यात अनेकदा बांधल्या आहेत त्याने आठशे ग्रॅमचा तंबू खुशाल घ्यावा. पहिलाच तंबू घेणाऱ्याला मी सिलिकॉनच्या लेपाचा, दुपदरी, सांगाड्याचा, सव्वा ते दीड किलोचाच तंबू सुचवीन, आणि वाचलेल्या पैशांत उत्तम मॅट घ्यायला सांगेन, कारण कातळावरची थंडी खालून येते.