चिप गेली, पण उघडी फाइल मागे राहिली

टीपीएम म्हणजे किल्ल्या जपणारी संगणकातली सुरक्षा-चिप. ती चालू असतानाच गायब झाली तर लिनक्स काय करतं, ते पाहू. "टीपीएम चिप बोर्डावर सोल्डर केलेली असते, ती काढणार कोण?" हा प्रश्न रास्त आहे. पण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी चिप जायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. सिसएफएसमधल्या (कर्नल उपकरणं फाइलींच्या रूपात दाखवतो, त्या जागेतल्या) अनबाइंड फाइलीत उपकरणाचं नाव लिहिलं की ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा कर्नलचा भाग, सुटतो. शिवाय लिनक्स ४.८ पासून कंटेनरसाठी (वेगळ्या चौकटीत चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) आभासी टीपीएम आहे. पलीकडच्या एम्युलेटरने (चिपचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅमने) आपलं टोक बंद केलं की इकडची चिप गायब.

खरी गोम पुढे आहे. तेव्हाही एखाद्या प्रोसेसने टीपीएम० ही चिपची उपकरण-फाइल उघडून धरलेली असू शकते. म्हणून चिपची कर्नलमधली नोंद (स्ट्रक्चर) संदर्भमोजणीवर, म्हणजे तिला किती जण धरून आहेत त्या हिशेबावर, जगते, शेवटचा धरणारा सोडेपर्यंत. ड्रायव्हरची फंक्शनं मात्र लगेच तोडतात: सेमाफोर नावाच्या कुलुपाचा राइट लॉक (एकट्याचा ताबा) घेऊन त्या फंक्शनांकडे दाखवणारा ऑप्स पॉइंटर नल, म्हणजे रिकामा. प्रत्येक कमांड त्याच सेमाफोरचा रीड लॉक (अनेकांना एकत्र मिळणारा ताबा) घेऊन पॉइंटर तपासते, नल असेल तर त्रुटी. लॉक कमांड संपेपर्यंत धरायचा हं. नुसतं तपासून सोडला तर मधल्या फटीत चिप गेली की बोंबला!

आणि टीपीएम २.० ची शटडाउन कमांड पॉइंटर नल करण्याआधीच पाठवतात. नंतर पाठवणार कुणामार्फत?