मदत हवी आहे : मालाच्या दर्जाचा वाद चालू असताना दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 ची नोटीस आली आहे

नमस्कार,

कोल्हापूरजवळ आमची पंप बनवणारी छोटी खाजगी कंपनी आहे. वडील आणि मी असे दोघे संचालक आहोत आणि साधारण चाळीस कामगार आहेत. पंपाच्या बॉडीचे कास्टिंग (ओतीव भाग) आम्ही जवळच्याच एका फाउंड्रीकडून, म्हणजे ओतकाम कारखान्याकडून, घेत होतो. तिने वकिलामार्फत नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 च्या कलम 8 खाली 1 कोटी 38 लाख रुपयांची मागणी नोटीस पाठवली आहे. म्हणजे दहा दिवसांत पैसे द्या किंवा वाद असल्याचे कळवा, नाहीतर कंपनीविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीचा अर्ज करू, असा इशारा. त्यातले 22 लाख व्याजाचे आहेत, मात्र आमच्या परचेस ऑर्डरमध्ये व्याजाची अट कुठेही नाही. उत्तराला मिळणाऱ्या दहा दिवसांतले चार गेले आहेत.

मागच्या ऑगस्टमध्ये आलेल्या मालात मशीनिंगनंतर ब्लो होल (ओतकामात अडकलेल्या हवेची भोके) दिसू लागले आणि दाबाच्या चाचणीत बॉडीतून पाणी झिरपू लागले. आम्ही फोटोंसह ईमेल केले, त्यांचा माणूस येऊन तुकडे पाहून गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘बघून घेतो’ असे उत्तरही आले, पण माल बदलून मिळाला नाही. शेवटी नोव्हेंबरमध्ये नाकारलेला माल, त्यावर वाया गेलेली मशीनिंग आणि ग्राहकांकडून परत आलेले पंप धरून आम्ही 61 लाखांची डेबिट नोट (त्यांच्या येण्यातून तेवढी रक्कम कापल्याचे पत्र) पाठवली, जिला त्यांनी आजवर काहीही उत्तर दिलेले नाही.

माझी खरी अडचण इथून पुढे आहे. एप्रिलमध्ये वर्षअखेरीच्या कामासाठी त्यांच्याकडून शिल्लक पडताळणीचे पत्र, म्हणजे आमच्याकडून किती येणे आहे ते सही करून मान्य करण्याचे पत्र, आले. डेबिट नोट खरेदी विभागाने पाठवली होती आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) ती मे महिन्यात चढली. त्यामुळे हिशेब पाहणाऱ्या आमच्या जुन्या सहकाऱ्यांनी 1 कोटी 16 लाखांच्या आकड्यावर सही-शिक्का करून दिला. त्यांना मी दोष देत नाही, कारण असे पत्र आधी माझ्याकडे यावे ही पद्धतच आम्ही घालून दिली नव्हती. नोटिशीला मात्र तेच पत्र जोडलेले आहे.

सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा हा निकाल मी वाचला. त्यात टीव्ही कार्यक्रमाच्या मतदानाच्या कामाचे पैसे गुप्ततेचा करार मोडल्याच्या कारणावरून 2015 मध्येच ईमेलने रोखले होते. दावा किंवा लवाद कुठेही चालू नव्हता, तरी वाद आधीपासून होता हे न्यायालयाने मानले. वाद शेवटी कोण जिंकेल हे न्यायाधिकरणाने पाहायचे नसून, तो निव्वळ पोकळ किंवा काल्पनिक नाही ना, एवढेच पाहायचे, असा त्याचा अर्थ मी लावतो.

माझे प्रश्न असे आहेत. सही झालेल्या पत्रामुळे आधीचा वाद संपला असे धरले जाईल का? वादात नसलेले 55 लाख आत्ताच भरावेत का? व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश पुरावा म्हणून चालतात का? अर्ज दाखल करून घेतला गेला, तर संचालक मंडळाचे अधिकार स्थगित होऊन कारभार न्यायाधिकरणाने नेमलेल्या अंतरिम व्यावसायिकाकडे जातो, हे समजल्यापासून वडिलांना झोप नाही. आम्ही पैसे बुडवणारी माणसे नाही, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

मी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोर अशी प्रकरणे चालवतो, म्हणून सविस्तर लिहितो. संहितेच्या कलम 5(6) मधल्या ‘वाद’ या शब्दाच्या व्याख्येत मालाच्या दर्जाचा वाद स्पष्टपणे येतो, आणि अर्ज रोखायचा तर तो नोटीस मिळण्याआधीचा असावा लागतो. ऑगस्टचे ईमेल आणि नोव्हेंबरची डेबिट नोट ही अट पुरी करतात. शिल्लक पत्र तुमच्या विरुद्ध जाईल, पण केवळ त्याने वाद पुसला जात नाही. तथापि ते लपवू नका. सही कोणी, कोणत्या माहितीवर केली आणि नोंद मे महिन्यात का झाली, हे उत्तरातच सरळ लिहा. नाकारलेल्या मालावरचे जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) तुम्ही उलटवले, म्हणजे परत केले, आहे का, हे आजच तपासा, कारण डेबिट नोट खरी होती का, हा प्रश्न तिथूनच विचारला जाईल.

24 मार्च 2020 पासून अर्जासाठी किमान थकबाकी 1 लाखाऐवजी 1 कोटी झाली आहे. तुमची निर्विवाद रक्कम त्याच्या बरीच खाली आहे. ती हक्क राखून भरलीत, तर उरलेला वाद प्रामाणिक आहे हे दिसेल, म्हणून शक्य असल्यास भराच.

व्याजाबाबत मात्र सावध राहा. फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर करारात अट नसतानाही 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येते. त्याच कायद्यात माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल स्वीकारला असे धरले जाते. माल पोचल्याच्या चलनांवरील (पावत्यांवरील) तारखा आणि तुमच्या पहिल्या ईमेलची तारीख यांत किती दिवस आहेत, हे मोजून इथे लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश चालतात, पण अर्ज न्यायाधिकरणात गेलाच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे, प्रमाणपत्र जोडावे लागेल, म्हणून तो फोन बदलू नका. उत्तर स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, दोन्ही प्रकारे, दहाव्या दिवसाची वाट न पाहता पाठवा.