मदत हवी आहे: ग्वाटेमालात मिशन ट्रिप, एका दिवसात घराचा कोबा घालायचा आहे

रानवारा

नमस्कार. आमच्या चर्चचा अकरा जणांचा गट जुलैत अमेरिकेतून ग्वाटेमालाला सेवेसाठी जातो आहे. टेक्पानजवळच्या एका खेड्यातल्या मंडळीने त्यांच्यातल्या एका कुटुंबाचं घर निवडलं आहे. खोली ४ बाय ५ मीटर, वर पत्रा, खाली नुसती माती. एका दिवसात तीन इंची कोबा घालायचा आहे. मिक्सर मिळणार नाही, माल हातानेच कालवायचा. तिथला एक गवंडी सोबत असेल. आमच्यापैकी कुणालाही बांधकामाचा अनुभव नाही, वयं १७ ते ६३.

सामान किती लागेल? दिवस कसा आखायचा? हमखास काय बिघडतं? शिवाय मुलांसाठी खाऊ-खेळणी न्यावीत असं काही जण म्हणतात, तेही सांगा.

धुमस

आधी हिशोब. २० चौरस मीटर गुणिले साडेसात सेंटिमीटर म्हणजे दीड घनमीटर ओला माल. सिमेंट, वाळू, खडी यांचं १:२:४ प्रमाण धरा. तिथली सिमेंटची गोणी साडेबेचाळीस किलोची असते, आपल्याकडची ५० किलोची नव्हे. भारतातला ठोकताळा लावलात तर गोण्या कमी पडतील. १२ गोण्या लागतील, १३ मागवा.

पाच गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची बादली हेच तिथलं माप. एक गोणी म्हणजे दीड बादली सिमेंट. त्यात तीन बादल्या वाळू, सहा बादल्या खडी आणि एक बादली पाणी. एकूण ३६ बादल्या वाळू, ७२ बादल्या खडी. खडीला तिथे 'पिएद्रीन' म्हणतात, अर्धा इंची मागा. वाळू नदीची हवी. प्युमिस दगडाची हलकी, पांढरट वाळूही मिळते, ती कोब्याला घेऊ नका.

ट्रक बहुतेक रस्त्यावरच थांबतो. म्हणून वाळू-खडी आदल्या दिवशीच दारापर्यंत वाहून न्या. भरलेली वाळूची बादली ३० किलोच्या आसपास भरते आणि ओल्या मालाची ४५ किलोच्या. बादली अर्धीच भरायची, हा नियम पहिल्या मिनिटापासून पाळा. अर्ध्या बादल्यांनी ओल्या मालाच्या दीडशेवर खेपा होतात. कंबर धरली की दुपारनंतर माणसं उरत नाहीत.

आदल्या दिवशी आणखी तीन कामं. माती सपाट करून धुमसाने ठोका. जिथे पाय ठेवल्यावर दबतं तिथेच पुढे कोबा खचतो. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींवर लेव्हलच्या खुणा करा आणि दाराकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. मग साडेसात सेंटिमीटर उंचीच्या फळ्या पक्क्या बसवा. या फळ्यांवरूनच माल सपाट करायची पट्टी ओढायची असते, त्या हलल्या तर सगळी जमीन लाटांसारखी होते.

जुलै म्हणजे तिथला पावसाळा, आणि पाऊस बहुधा दुपारी येतो. सकाळी सातला पहिली गोणी फुटली पाहिजे. कालवायच्या जागा दोन ठेवा, दोन्हींवर ताडपत्री. वाळू आणि सिमेंट कोरडंच तीनदा परतायचं, सगळीकडे एकसारखा करडा रंग आला की खडी घालायची, मग मधे आळं करून पाणी. एका गोणीला १५ ते २० मिनिटं लागतात आणि पावणेदोन चौरस मीटरच्या जरा आतच जागा भरते. सुरुवात दाराच्या समोरच्या भिंतीपासून, मागे सरकत दारापर्यंत. माल ओतण्याआधी मातीवर पाणी शिंपडा, नाहीतर कोरडी माती मालातलं पाणी ओढून घेते.

आता हमखास बिघडणारी गोष्ट: पाणी. हात दमले की फावडं सोपं जावं म्हणून कुणीतरी तांब्याभर पाणी जास्त घालतं. त्या मालाचा कोबा महिन्याभरात झाडताना धूळ सोडायला लागतो. पाण्याची बादली एकाच माणसाच्या ताब्यात द्या. माल बरोबर झाला की फावड्याच्या पाठीने थापटल्यावर वर ओल चमकते, पण कडेने पाणी ओघळत नाही. वाळू पावसात भिजली असेल तर पाणी बादलीपेक्षा कमी लागेल.

पट्टी ओढून झाल्यावर वर पाणी येतं. ते जिरेपर्यंत थापी लावू नका, सुकवायला कोरडं सिमेंटही भुरभुरू नका. पापुद्रा सुटतो. टेक्पान साधारण २,३०० मीटर उंचीवर आहे, कळसूबाईपेक्षा साडेसहाशे मीटर वर. गारव्यामुळे माल सावकाश धरतो, तेव्हा घोटाईसाठी गवंडी संध्याकाळपर्यंत थांबेल असं ठरवून घ्या. खोलीच्या मधोमध दोन्ही दिशांनी एकेक काप त्यालाच मारायला सांगा, म्हणजे तडा गेलाच तर त्या रेषेत जाईल.

हातमोजे रबराचे घ्या. कातडी मोजे भिजतात आणि सिमेंटचं पाणी कातडीशी धरून ठेवतात. ओलं सिमेंट भाजतं, आणि ते तासाभराने कळतं. गुडघे टेकून काम करणाऱ्याने फळी घ्यावी. डोळ्यांत उडालं तर स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा. गोणी फोडणाऱ्याला एन-९५ मास्क.

ओवरी

धुमस यांनी कामाचं सांगितलं, मी माणसांचं सांगते.

गवंड्याला पूर्ण मजुरी द्या, आणि त्या दिवशी तोच मुकादम. त्याला 'माएस्त्रो' म्हणतात. तुम्ही बिगारी. गटप्रमुखाने मधेच वेगळ्या सूचना दिल्या की दोन कालवणांचं प्रमाण दोन तऱ्हेचं होतं.

खाऊ-खेळणी परस्पर वाटू नका. न्यायचीच असतील तर तिथल्या पाळकांच्या हाती द्या, कुणाला काय आणि कधी हे ते ठरवतील. मुलांना उचलून घेणं, आईबापांना न विचारता फोटो काढणं कटाक्षाने टाळा. परके लोक मुलं पळवतात ही भीती त्या डोंगराळ भागात खरी आहे. २००० साली तोदोस सांतोस कुचुमातान इथे अशाच अफवेतून जमावाने एका जपानी पर्यटकाचा आणि बसचालकाचा जीव घेतला होता.

भाषा काक्चिकेल. वयस्कर बायकांना स्पॅनिश येईलच असं नाही. त्यामुळे प्रार्थनेचं इंग्रजीतून स्पॅनिश आणि स्पॅनिशमधून काक्चिकेल होतं, पाच मिनिटांचे शब्द पंधरा मिनिटं घेतात. सकाळी लांब वचन-चिंतन नको, माल वाट पाहत नाही. ते आदल्या संध्याकाळच्या उपासनेत ठेवा. आभाराला 'मात्योश' म्हणा, लगेच हसू उमटतं.

शाकाहारी कुणी असेल तर 'कार्ने (मांस) नको' एवढंच पुरत नाही, कोंबडी वेगळी सांगावी लागते. काळा घेवडा, अंडी, तोर्तिया मिळतात, पण घेवड्यात चरबी घातली आहे का तेही विचारा.

रानवारा

दोघांचेही मनापासून आभार. एक अडचण आहे. आम्ही कोबा घातल्यानंतर दोनच दिवस तिथे आहोत. पाणी मारायचं काय? आणि ते कुटुंब झोपणार कुठे?

धुमस

हे जायच्या आधीच ठरलं पाहिजे. पाणी पुरे सात दिवस मारायचं. तिसऱ्या दिवशी बंद केलं तर कोबा वरून टणक दिसतो, आत कच्चा राहतो. मेक्सिकोत कोआहुइला राज्यात २००० पासून सरकारने मातीच्या घरांत कोबे घालून दिले, तेव्हा लहान मुलांमधले जंत, जुलाब आणि रक्तक्षय कमी झाल्याचं पाहणीत दिसलं. तो उपयोग न उखडणाऱ्या जमिनीचा आहे.

चोवीस तास कुणीही पाय ठेवायचा नाही, कोंबड्यासुद्धा. दारात फळी आडवी लावा. कुटुंबाची तीन रात्री शेजारी किंवा चर्चच्या खोलीत सोय करा. पलंग, कणसांची पोती असलं जड सामान सात दिवसांनी. चूल आधीच बाहेर हलवलेली असू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोबा भिजवून त्यावर प्लॅस्टिक अंथरा आणि कडांना वाळू दाबा. मग दिवसातून दोनदा प्लॅस्टिक उचलून पाणी शिंपडलं तरी भागतं. पाणी लांबून आणावं लागत असेल तर दोन मोठी पिंपं भरून ठेवूनच निघा. आणि सातही दिवस कोण येणार, त्याचं नाव पाळकांकडून आत्ताच घ्या. घरची बाई आधीच दूरवरून पाणी वाहत असेल, तिच्यावर हे काम टाकू नका. गवंड्यालाच आठवड्याची वेगळी मजुरी ठरवून द्या.

रानवारा

आमच्या खर्चाच्या यादीत हे नव्हतंच. तेरावी गोणी, प्लॅस्टिक, दोन पिंपं आणि सात दिवसांची मजुरी आज लिहून घेतली. पाळकांना रविवारी फोन करतो.