घामाने माळ तुटली, सोनेरी रंग उतरला: उन्हाळ्यात रोज वापरता येईल असा मण्यांचा दागिना कसा करावा?

मणीमाळ_अकोला
१२ एप्रिल २०२६

नमस्कार. मी अकोल्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गेली सहा वर्षं सुट्ट्यांमध्ये आणि रात्री जेवणं आटोपल्यावर मण्यांचे दागिने करते. विकत नाही. बहिणी, भाच्या, शाळेतल्या मैत्रिणी, शेजारच्या काकू यांच्यासाठी करते. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कुणाच्या गळ्यात आपल्या हातची माळ दिसली की मला फार बरं वाटतं.

मागच्या मे महिन्यात भाचीचं लग्न झालं. तिच्या हळदीसाठी मी गळ्यालगतची पट्टी विणली होती. विटांच्या भिंतीसारखी वीण, १४ मणी रुंद, ११ नंबरचे मणी (साधारण २ मिलिमीटरचे), सोनेरी आणि लाल. दोन हजारांवर मणी लागले, वजन २० ग्रॅमच्या आसपास. एकवीस दिवस लागले. हळद गच्चीवर, मांडव घातलेला, वेळ दुपारी बाराची. तासाभरात मानेमागचा सोनेरी रंग उतरून ब्लाउजच्या काठाला राखाडी डाग पडला. हुकाजवळ गळा हिरवट झाला. मग हुकाजवळचा दोरा सुटला आणि एका बाजूचे मणी गच्चीभर झाले. माझ्या वहिनीने आणि दोन लहान मुलींनी ते पदरात वेचले. भाची एका शब्दानेही काही बोलली नाही, त्याचं मला जास्त लागलं.

यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ आहे. भाची आणि जावई धोंड्याच्या जेवणाला येणार. मला तिला नवा दागिना द्यायचा आहे, आणि तो पेटीत ठेवायचा नको. पहाटे पाचला कुरडयांचा चीक शिजवताना, गच्चीवर वाळवण उलटताना, कैऱ्या किसताना गळ्यात राहील असा हवा. आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, तर अजून पुढेच आहे.

दोरा कुठला घ्यावा? मी आतापर्यंत साधा नायलॉनचा वापरला, माळांना तंगूस आणि बांगड्यांना इलॅस्टिक. इलॅस्टिक दर उन्हाळ्यात चिकट होऊन तुटतं. मणी उतरणार नाहीत हे आधी कसं ओळखायचं? आणि मेणाचं काय करता? दोऱ्याला मेण लावते, ते या दिवसांत मऊ होऊन त्याला धूळ चिकटते.

खाडीकाठ_दापोली
१२ एप्रिल

ताई, तंगूस माळेला नकोच. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी आहे, तंगूस रोज हातात असतो. तो एकसंध नायलॉन आहे, उन्हाने कडक होतो, वळलेल्या जागी तडकतो आणि त्याच्या गाठी घसरतात. गळाच्या सामानाच्या दुकानात वेणीसारखी विणलेली बारीक दोरी मिळते, ती मागा. ती पॉलिथिलीनची असते, पाणी पीत नाही, ओली झाली तरी ताणत नाही. साधा नायलॉन घाम पिऊन थोडा लांबतो. म्हणूनच पट्टी सैल पडते आणि मण्यांच्या मधून दोरा दिसू लागतो. सगळ्यात बारीक घ्या, नाहीतर मण्याच्या भोकातून दोनदा जाणार नाही. रंग मात्र मोजकेच मिळतील, पारदर्शक मण्यांत ते दिसतात.

इकडे आमचा उन्हाळा तुमच्यापेक्षा थंड, पण घाम जास्त. बायको दोन वर्षं याच दोरीत काळी पोत ओवते आहे. अजून तुटलेली नाही.

गाठवण
१३ एप्रिल

दोऱ्याबद्दल वरचं बरोबर आहे. मला मात्र दुसरंच काही सांगायचं आहे.

माझं सासर पुण्यातलं, पटवेकऱ्यांचं. सासरे रेशमात ठुशी, तन्मणी, मोहनमाळ गाठवायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ताण धरायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून गाठी बसवायच्या. लग्नसराईच्या आधी दुकानाबाहेर बायका बसलेल्या असायच्या, कुणी आईची पोत घेऊन, कुणी सासूची. मणी तेच, सोनं तेच, दोरा फक्त नवा. दोरा झिजतो हे धरूनच दागिना केला जायचा. म्हणून ठुशीला मागे दोर आणि सरकणारी गाठ असते. घाम खातो तो दोर, आणि तोच बदलायचा असतो.

तुमचा दोरा हुकापाशी सुटला, कारण दोन हजार मण्यांचा सगळा ओढा त्या एका टोकावर होता आणि त्याला बहुधा एकच गाठ होती. गाठीवर विसंबू नका. दोरा उलटा फिरवून आठ-दहा मण्यांतून न्या, मध्ये एक अर्धी गाठ, पुन्हा पाच-सहा मणी, मग कापा. हूक काढूनच टाका. पितळेत तांबं असतं, घामाने त्याचा हिरवा थर त्वचेवर उतरतो. तो धुऊन जातो. पण निकेलचा मुलामा असेल आणि भाचीला खाज येत असेल तर तो त्रास वेगळा, आणि मोठा. सुती दोर आणि गोंडा लावा. दर वर्षी तुम्हीच बदलून द्या, भाचीला त्या निमित्ताने माहेरी यायला कारण होईल.

मेण लावल्यावर दोरा सुती फडक्यातून दोनदा ओढून घ्या. बोटाला जाणवेल एवढं मेण उरलं तर ते जास्त झालं.

तेरचा_पाहुणा
१३ एप्रिल

मी धाराशिव जिल्ह्यातला. तेरच्या वस्तुसंग्रहालयात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेले मणी पाहिले आहेत का? नसतील तर एकदा जाऊन या. तेर म्हणजे जुनं तगर, रोमन व्यापाराच्या काळातलं गाव. तिथल्या जुन्या मण्यांकडे बघताना कळतं की ज्यांचा रंग दगडात किंवा काचेच्या अंगातच आहे, ते अजून तसेच आहेत.

तुमच्या सोनेरी मण्यांचा रंग वरून दिलेला होता. दुकानात मण्यांना भोकाच्या कडेला बघा. अंगभर एकच रंग असेल तर घ्या. काच पारदर्शक आणि भोकात चांदीचं अस्तर असेल तर घामाने ते काळवंडतं. गुलाबी आणि जांभळ्यात तर जास्तच लक्ष ठेवा, ते पुष्कळदा वरून रंगवलेले असतात.

घरची परीक्षा: पाच मणी नखांचं पॉलिश काढायच्या द्रवात एक रात्र, पाच मिठाच्या पाण्यात चार दिवस, पाच उन्हात आठ दिवस. उन्हात ठेवलेल्यांपैकी निम्मे कागदाखाली झाका, म्हणजे फरक दिसेल.

आणि दोऱ्याचं म्हणाल तर, नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली, तिच्यात दोऱ्याचे अवशेष टिकलेले होते. तांब्याच्या क्षारांमुळे दोरा कुजत नाही. तुमच्या भाचीच्या गळ्याला हिरवं करणारं तेच तांबं. मला ही गोष्ट फार आवडते म्हणून सांगितली.

मणीमाळ_अकोला
२४ एप्रिल

सगळ्यांचे मनापासून आभार. परीक्षा केली.

घरातल्या नऊ रंगांचे मणी पांढऱ्या दोऱ्यात ओवले, निम्म्यांवर पुठ्ठा ठेवला आणि गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातले. आठ दिवसांत गुलाबी फिका पडला, जांभळा जवळजवळ राखाडी झाला. मिठाच्या पाण्यात सोनेरीने तिसऱ्या दिवशी रंग सोडला. लाल, काळा, दुधी पांढरा, गर्द निळा आणि पानासारखा हिरवा, हे पाच जसेच्या तसे. लाल मणी नागपूरच्या इतवारीतल्या एका जुन्या दुकानातून पाव किलोच्या पुडीत आणले होते. ते उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरचे, असं दुकानदार म्हणाले होते. आकाराला थोडे कमीजास्त आहेत, पण रंगाला पक्के. जपानी मणी एकसारखे असतात, विणताना सुख देतात, हे खरं. पण त्यातलेही माझ्याकडचे सोनेरीच उतरले. म्हणजे कुठले हे बघण्याआधी रंग कसा दिला आहे ते बघायचं, हे कळलं.

आता एक अडचण. पट्टी विणायला घेतली, चार बोटं झाली आणि स्वतःच्या गळ्याला बांधून पाहिली. दुपारी कुलर बंद होता. दहा मिनिटांत आत ओलं झालं, आणि दुसऱ्या दिवशी घामोळं. रंग टिकला, दोरा टिकला, पण ती घालून कुणाला पाच मिनिटं चुलीसमोर बसवणार नाही. काय करू?

वाळ्याचा_पडदा
२४ एप्रिल

ताई, तुमच्या घरी माठ आहे का? त्यावर झाकायचा जाळीचा रुमाल, काठाला मणी लावलेला?

माझ्या आजीच्या रुखवतात तसे चार होते, तांब्या-भांड्यावरही घालायचे. मणी शोभेला होतेच, पण वाऱ्याने रुमाल उडू नये म्हणून वजनालाही होते. जाळी होती म्हणून आत हवा जायची. तुमची पट्टी भरीव आहे, हवा जायला जागाच नाही. तेच मणी जाळीच्या विणीत घाला. एका फासात पाच मणी, मधल्यातून पुढचा फास. एक तृतीयांश मण्यांत तेवढीच रुंदी होते, वजन कमी होतं, आणि गळ्याला दागिना फक्त ठिपक्याठिपक्यांनी टेकतो.

गाठवण
२५ एप्रिल

अगदी. जाळी करताना प्रत्येक फासाच्या जोडावरच्या मण्यातून दोरा दोनदा न्या. तिथे झीज होते.

मणीमाळ_अकोला
२ जून

माठ आहे. आणि त्यावरचा रुमाल माझ्या आईने १९७८ साली, लग्नाआधी केलेला आहे. मी रोज तो उचलून पाणी पिते आणि मला तो कधी दिसला नाही.

रुमाल धुतला, पांढऱ्या कागदावर पसरला आणि काठाचे फास मोजले. आईने एका फासात सात मणी घेतले आहेत, कोपऱ्यावर नऊ. कोपरा वळतो कसा हे मला कागदावर काढूनही कळेना, म्हणून एक जुनी सुई घेऊन तिच्या दोऱ्याच्या वाटेने बोटाने फिरले. तिने कोपऱ्यावर दोरा उलटा आणून मागच्या फासात अडकवला आहे. हाताने करायला लागले तेव्हा उमगलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली, तिने मला मणीकाम कधी शिकवलं नव्हतं. त्या दुपारी ती शेजारी बसल्यासारखी वाटली.

सात मण्यांचा फास गळ्याला मोठा वाटला, म्हणून पाच घेतले. लाल आणि दुधी पांढरा, मध्ये मध्ये एक काळा. दोरी विणलेली, दापोलीच्या दादांनी सांगितलेली, इथे तलावाच्या मासेवाल्यांकडे मिळाली. काम पहाटे साडेचार ते सात. त्यानंतर बोटं घामेजतात आणि सुई निसटते. परातीत जुन्या ब्लँकेटचा तुकडा घातला की मणी घरंगळत नाहीत आणि पंख्याने उडत नाहीत. पूर्ण दागिना ८ ग्रॅमचा झाला. मागे सुती काळा दोर, छोटा गोंडा, हूक नाही.

भाची आणि जावई २९ मेला आले. धोंड्यांसोबत आमच्या वऱ्हाडी पद्धतीने सरगुंडे (काडीवर गुंडाळून केलेल्या कणकेच्या पोकळ नळ्या) आणि आमरस केला होता. सरगुंडे काडीवरून उतरवताना भाची म्हणाली, "मावशी, हे तुझ्या नळीच्या मण्यांसारखेच दिसतात ना." आणि मग स्वतःच माळ मागून घेतली. तीन दिवस तिने ती काढली नाही. चीक ढवळला, गच्चीवर चढउतार केली, रात्री गच्चीवरच झोपली. निघताना नळाखाली धुतली, टॉवेलने टिपली आणि तशीच ओली गळ्यात घातली. घामोळं नाही, डाग नाही.

गोंड्याजवळ तीन बोटं दोर जास्तीचा ठेवला आहे, पुढच्या उन्हाळ्यात ती आली की तिथून कापून नवा गाठवीन. आईच्या रुमालाच्या दोन कोपऱ्यांचे मणी ओघळायला आले आहेत, आता ते नवीन दोऱ्यात घ्यायला बसले आहे. गाठवण ताई, त्या जुन्या दोऱ्याला सूत म्हणायचं की रेशीम, तुम्हाला फोटोवरून सांगता येईल का?