आई आणि मुलाला घेऊन पहिली जंगल सफारी: मे की डिसेंबर?

पायवाट

नमस्कार मंडळी. घरातले चौघं पहिल्यांदाच जंगल सफारीला जायचं म्हणतोय. मी, बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई. ताडोबा, पेंच, कान्हा यांपैकी एक ठिकाण करू. अडलंय ते महिन्यावर.

ओळखीतले सगळे एकच सांगतात, "वाघ बघायचा तर मे." पण आईला रक्तदाबाचा त्रास आहे आणि चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन दरवर्षी बातम्यांत असतंच. डिसेंबरात हवा छान, मुलाला सुटीही असते, पण तेव्हा गवत दाट असतं, काही दिसत नाही म्हणतात. मुलाने वाघाचा ध्यास घेतलाय. आईला पक्ष्यांचं वेड आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

कॅमेरावाला

मे. त्यातही दुसरा पंधरवडा. झाडं उघडी झालेली असतात, पाणी मोजक्या जागी उरतं आणि जनावर तिथे आल्याशिवाय राहत नाही. वनखातं पाणवठ्यावरची प्राणीगणना बुद्ध पौर्णिमेच्या रात्री मचाणावरून करतं, ते याच कारणाने. आईंना दुपारच्या सफारीला नेऊ नका, फक्त सकाळच्या करा. डोक्याला ओलं फडकं आणि भरपूर पाणी घेतलं की निभावतं.

मोहफूल

पायवाट, मे आणि डिसेंबर दोन्ही बाजूला ठेवा. तुमच्या घरच्यांसाठी फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य, आणि ठिकाण ताडोबा. का ते जरा सविस्तर लिहिते, कारण "अमुक महिन्यात जा" एवढं सांगून काही कळत नाही.

जंगलाचा सीझन ठरवतं ते पाणी. ही सगळी पानगळीची जंगलं. पावसाळ्यात बंद असलेलं कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, ऑक्टोबरात उघडतं तेव्हा नाल्यानाल्यात पाणी असतं आणि गवत जिप्सीच्या बॉनेटला लागतं. चितळाला पाण्यासाठी कुठे जावंच लागत नाही, मग त्याच्या मागावरचा वाघ तरी एका जागी कशाला येईल? जनावर तेवढंच असतं, पण अख्ख्या रानात पांगलेलं. जानेवारीनंतर नाले तुटायला लागतात, साग निष्पर्ण होतो, बांबू पिवळा पडतो. एप्रिलपर्यंत पाणी उरतं ते तलावांत, एखाद्या जिवंत झऱ्यात आणि वनखात्याने भरलेल्या पाणवठ्यांत. वाघाला उकाडा सोसत नाही. तो पाण्यात पाठमोरा उतरतो, आधी शेपटीकडचा भाग भिजवतो आणि मग तासन् तास तिथेच बसून राहतो. त्यामुळे कॅमेरावाला म्हणतात ते बरोबरच आहे, वाघ दिसण्याची शक्यता मे महिन्यात सगळ्यात जास्त.

पण यात एक गोष्ट कुणी विचारातच घेत नाही, ती म्हणजे मागचा पाऊस. परतीचा पाऊस लांबला असेल किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आणि गारपीट झाली असेल, तर नाल्यांतली डबकी बरीच पुढपर्यंत टिकतात. अशा वर्षी पाणवठ्यावर ठिय्या देऊन बसलेल्या गाड्यांना एप्रिलमध्येसुद्धा नुसत्या पाणकोंबड्या बघून परतावं लागतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी मात्र मार्चमध्येच उन्हाळ्यासारखी गर्दी पाण्यावर होते. म्हणून बुकिंग करायच्या आधी ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून विचारा, "नाले वाहतायत का अजून?" या एका प्रश्नाच्या उत्तरातून कॅलेंडरपेक्षा जास्त कळतं.

आता आईंबद्दल. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. जिप्सी उघडी, रस्ता मातीचा, पुढच्या गाडीची धूळ तोंडावर. पाणवठ्यावर गाडी बंद करून थांबायचं, बऱ्याचदा सावली नाही, खाली उतरायची परवानगी नाही. सकाळच्या सफारीतही नऊ-साडेनऊनंतर अंग भाजायला लागतं, आणि गेटपासून बरंच आत असाल तर मनात आलं म्हणून लगेच परतता येत नाही. रक्तदाब असलेल्या माणसाला तिथे नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या फडक्यावर भागण्यासारखा हा प्रकार नाही.

डिसेंबरबद्दल तुम्ही ऐकलंय ते अर्धंच खरं आहे. कान्ह्याला जाणार असाल तर डिसेंबर-जानेवारीच घ्या, कारण तो बारशिंग्यांच्या माजाचा काळ. नर शिंगांत गवताचे झुबके अडकवून कुरणात फिरतात आणि सकाळच्या धुक्यात त्यांची हाक लांबवर जाते. १९७० मध्ये कान्ह्यात हे बारशिंगे अवघे ६६ उरले होते. आज त्यांचे कळप चरताना बघितले की कुरणं राखणाऱ्या माणसांबद्दल फार आदर वाटतो. पण पहाटेचा पारा शून्याच्या आसपास जातो आणि चालत्या उघड्या गाडीत तो वारा हाडात शिरतो. शिवाय कान्ह्यात सालवृक्ष आहे, आणि तो सागासारखा उघडाबोडका होत नाही. त्यामुळे तिथे ताडोब्यासारखं आरपार कधी दिसत नाही. नाताळच्या आठवड्यात गर्दी असते ती वेगळीच.

मार्चच्या सुरुवातीला या सगळ्याचा मेळ बसतो. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी ऊन असतं पण सोसवतं. पळस फुललेला असतो आणि त्यावर मध प्यायला हळद्या, मैना, पोपट यांची झुंबड असते. आईंना एका पळसापाशी थोडा वेळ थांबू द्या. जरा उशिरा, मार्चच्या उत्तरार्धात गेलात तर मोह टपटपायला लागलेला असतो आणि पहाटे त्याखाली अस्वल सापडायची शक्यता असते.

मुलाला एक गोष्ट आधीच शिकवून ठेवा, कान देऊन ऐकायची. या दिवसांत सागाची वाळकी पानं जमिनीवर इतकी साचलेली असतात की चितळ चाललं तरी कुरकुर ऐकू येते. ताडोब्यात मोहर्ली गेटच्या बाजूला एकदा आम्ही गाडी बंद करून थांबलो होतो. आधी वानर खेकसलं, मग चितळाची हाक आली. त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. आणि मग सांबराचा कॉल, म्हणजे धोक्याचा इशारा, एकदाच, घुमल्यासारखा. चितळ कशालाही बिचकतं, सांबर सहसा उगाच ओरडत नाही. बाकीच्या गाड्या आवाजाच्या दिशेने पुढे गेल्या. आमच्या गाईडने मात्र गाडी थोडी मागे घ्यायला लावली. तो म्हणाला, "पानांचा आवाज नको म्हणून ती रस्त्यावर येईल." आणि वाघीण आली. धुळीच्या मऊ पट्ट्यावरून, पंजा टेकवताना जरासुद्धा आवाज न करता. आमच्याकडे एकदा बघितलं आणि पलीकडच्या बांबूत शिरली. गाईडने त्यानंतर खाली वाकून पगमार्क, म्हणजे पंजाचा ठसा, दाखवला, त्यात कडेची धूळ अजून आत घसरत होती. वाघ दिसण्यापेक्षा तो कसा कळला, हे मुलाच्या जास्त लक्षात राहील.

दुर्बीण

मोहफूल यांच्याशी सहमत. दोन गोष्टी जोडतो.

एक, हे गणित मध्य भारतातलं आहे, सगळीकडे लावू नका. काझीरंगा पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेच्या पुरामुळे बंद असतं, आणि हिवाळ्याच्या शेवटी उंच गवत जाळल्यावर, फेब्रुवारी ते एप्रिल, गेंडे मोकळ्यावर दिसतात. भरतपूरला पक्ष्यांसाठी जायचं तर भर हिवाळ्यातच. आफ्रिकेत ओकावांगोच्या त्रिभुज प्रदेशात तर पाणी ऐन कोरड्या दिवसांत चढतं, कारण ते अंगोलातल्या डोंगरांवर महिनोन् महिने आधी पडलेल्या पावसाचं असतं.

दोन, आईंची पक्ष्यांची आवड पुढे वाढली तर कधीतरी जूनच्या पहिल्या आठवड्याचा विचार करा. एखादी वळवाची सर पडून गेलेली असावी. नवरंग पक्षी आलेला असतो, त्याची दोन सुरांची शीळ सकाळभर चालू असते, आणि नाल्याच्या सावलीत स्वर्गीय नर्तक पांढरी शेपटी घेऊन फिरतो. मृगाचे लाल मखमली किडे मुलालाही आवडतील. पहिल्या सहलीसाठी मात्र नको, उकाडा भयंकर असतो.

पायवाट

मनापासून आभार! मार्चचा पहिला आठवडा नक्की करतो. मुलाच्या शाळेतून दोन दिवसांची रजा काढू. मोहफूल, पेंच का नको? तिथल्या तोतलाडोह धरणाच्या पाण्यावर पक्षी खूप असतात असं आई कुठेतरी वाचून सांगतेय. आणि सफाऱ्या किती कराव्यात?

मोहफूल

पेंच का नको म्हणून नाही, मुलासाठी ताडोबा म्हटलं. आईंनी वाचलंय ते खरं आहे. तोतलाडोहचं पाणी मागे सरकत जातं तसं उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं आणि चितळांचे मोठाले कळप तिथे उतरतात. पण ते दृश्य उन्हाळा चढेल तसं जास्त खुलतं. थंडीत आलेले चक्रवाक आणि पट्टकादंब मार्चमध्ये परतीला लागतात, त्यामुळे पाणपक्ष्यांसाठी पेंचला जायचं तर जानेवारीत जा. ताडोबा तलावावरही आईंना पुष्कळ पक्षी मिळतील, शिवाय काठावर मगरी.

सफाऱ्या चार करा. तीन सकाळच्या, एक दुपारची. एकाच सफारीवर सगळी भिस्त ठेवली तर मुलगा हिरमुसतो. दुपारच्या सफारीला आई नाही आल्या तरी चालेल, त्यांना मुक्कामाच्या आवारातल्या झाडांवरच पुष्कळ सापडेल. जिप्सीत त्यांना मधल्या रांगेत बसवा, मागच्या सीटला धक्के फार बसतात. रक्तदाबाच्या गोळीची वेळ सफारीत येत असेल तर ती डॉक्टरांना विचारून आधीच ठरवून घ्या. सकाळी कानटोपी आणि पातळ जॅकेट प्रत्येकाला हवंच, आठनंतर काढून ठेवता येतं.

कपडे मातकट रंगाचे घ्या, मुलाला स्वतःची छोटी दुर्बीण द्या. ताडोबा मंगळवारी बंद असतं. होळी-धुळवड आणि त्याला लागून येणारा शनिवार-रविवार टाळून तारखा घ्या. बुकिंग आजच बघा, मार्चच्या सकाळच्या गाड्या फार लवकर भरतात.